थोरल्याला हळू चालायला शिकवताना

आमचा ट्रॅक्टर माझ्या नवऱ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा आहे, आणि घरात त्याचा मानही त्याच हिशेबानं आहे.

माझे सासरे त्याला 'थोरला' म्हणतात आणि माझ्या नवऱ्याला 'धाकटा'. (हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. "थोरला रानात गेलाय", "थोरल्याला जरा धाप लागतीया" असलं ऐकून पहिले पंधरा दिवस मी डोक्यावर पदर घेऊन थोरल्या दिरांची वाट बघत होते!) सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्ती. आमच्याकडं तशीच पद्धत. गाव वारणानगरच्या अलीकडं. नवरा सुहास साखर कारखान्याच्या लॅबमध्ये, आणि मी हायस्कूलवर विज्ञान शिकवते. गती, बल, कार्य, ऊर्जा. एवढं वाचून पुढं काय झालं असेल याचा अंदाज हुशार माणसांना आलाच असेल.

सुरुवात माझ्या नणंदेच्या घरातून झाली. तिचं सासर शाहूवाडीकडं, भाताचा मुलूख. तिच्या नवऱ्यानं, म्हणजे दाजींनी, नवा मोठा रोटर घेतला आणि जुना आम्हाला देऊन टाकला. रोटर म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं जोडायचं, वाकड्या पात्यांचं गरागरा फिरणारं यंत्र. ते रानातली ढेकळं फोडून मातीचा रवा करतं. अट एकच. पाती जोरात फिरायला हवीत आणि ट्रॅक्टर सावकाश चालायला हवा.

आमचा थोरला सावकाश चालत नाही.

तो ज्या काळात जन्मला त्या काळात रोटर कुणी बघितलेला नव्हता. नांगर ओढायचा आणि पुढं जायचं, एवढंच त्याला शिकवलेलं. त्याचा पहिला गेर, म्हणजे सगळ्यात हळू गेर, हाही चांगला तरातरा चालण्याचा. रेस कमी करून हळू चालवावा, तर पातीही हळू फिरतात, कारण इंजिन दोघांचं एकच. रेस वाढवून पाती जोरात फिरवावीत, तर थोरला जो बांधाकडं पळत सुटतो तो थेट शेजाऱ्याच्या उसात!

पहिल्या दिवशी मामांनी अर्धा एकर रोटर मारला आणि खाली उतरून समाधानानं म्हणाले, "बारीक झालंय की!"

सुहासनं एक ढेकूळ दोन्ही हातांनी उचललं. "ह्येला बारीक म्हणायचं? बाबा, ह्याच्यावर पाट टाकल्यासारखं बसून जेवाय येतंय!"

"मग बस आन् जेव."

"मी भाड्यानं ट्रॅक्टर सांगतो. दुपारपातूर काम हुतंय."

"दुसऱ्याचा ट्रॅक्टर माज्या रानात येणार न्हाय."

"मग ह्यो तरी कशाला ठेवायचा? भंगारात घाला!"

हे बोलून सुहासनं जीभ चावली. मामांनी थोरल्याच्या बॉनेटवरची धूळ खांद्यावरच्या टॉवेलनं पुसली, आणि चालत घरी आले. चालत! थोरला रानात असताना मामा चालत आलेले आत्तींनी उभ्या जन्मात पाहिले नव्हते. त्या भाकरी थापायच्या थांबल्या आणि मला म्हणाल्या, "आता काय खरं न्हाय."

तिकडं सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीत, उसाच्या रोपांचे ट्रे मांडलेले. नर्सरीतून रोपं आणलेली, लागण आठ-दहा दिवसांत व्हायलाच हवी. आत्ती रोज त्यांच्यावर पाणी शिंपडायच्या आणि रोपं रोज बोटभर वाढायची. सोप्यात बसून चहा पिताना आता पलीकडचा माणूस दिसेनासा व्हायला लागला होता.

इथं मी मध्ये पडले. का पडले, तेही सांगते. लग्नानंतर मी नोकरी करू नये असं सगळ्या भावकीचं मत होतं. मामा एकटे म्हणाले, "शिकल्याली हाय, शिकवंल की." महापुराच्या वर्षी ओढ्याला कमरेएवढं पाणी असताना मला परीक्षेच्या कामाला वेळेत पोचवलं ते याच थोरल्यानं. मामा पुढं, मी मडगार्डवर, मांडीवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. त्या दिवसापासून माझा थोरल्यावर जीव होता. सुहास रागाच्या भरात भंगारवाल्याला फोन करून बसला आणि रविवारी या म्हणाला, तेव्हा माझ्यानं राहवलं नाही.

"मामा," मी म्हणाले, "मला रविवारपर्यंत मुदत द्या. हा साधा गुणोत्तराचा प्रश्न आहे."

साधा! आजही तो शब्द आठवला की मला पदरात तोंड लपवावंसं वाटतं.

मामांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं बुडणारा माणूस ओंडक्याकडं बघतो. "मास्तरीणबाई, जमंल?"

"विज्ञान आहे ते, मामा. जमायलाच पाहिजे."

गावातला बंडा मिस्त्री बोलावला. पन्नाशीचा माणूस, हाताला कायम ग्रीस, आणि कुठल्याही गोष्टीला नाही म्हणायचं नाही हा त्याचा एकमेव दुर्गुण. मी त्याला वहीत चाक काढून समजावलं. चाक लहान केलं की एका फेऱ्यात ट्रॅक्टर कमी अंतर कापणार. म्हणजे वेग कमी. इंजिन आहे तसंच. पाती आहेत तशीच.

"बरोबर हाय, मॅडम," मिस्त्री म्हणाला. (नंतर लक्षात आलं की हे वाक्य तो प्रत्येकालाच म्हणतो.) त्याच्याकडं एका छोट्या ट्रॅक्टरची दोन चाकं पडून होती. सोमवारी ती थोरल्याला बसवली.

मामा डेअरीला दूध घालून आले आणि दारातच थबकले. थोरल्याचं मागचं अंग जमिनीला टेकायला आलेलं, तोंड आभाळाकडं, आणि एकूण अवतार उकिरड्यावर बसलेल्या म्हशीसारखा.

"ह्येला बसिवलं कुणी?" मामा एवढंच म्हणाले.

रानात नेला. वेग कमी झाला, नाही असं नाही. पण जेवढा झाला तेवढा मामांच्या जुन्या सायकलला ब्रेक लावल्यावर होतो, त्याहून जास्त नाही. आणि दुसऱ्याच फेरीत त्याचं पोट बांधावर टेकलं. चाकं हवेत गरगरत राहिली. त्या क्षणी थोरल्याची जमिनीवरची गती शून्य झाली होती, हे मी नम्रपणे नमूद करते.

बांधावरून उतरवायला भावकीतले अकरा जण लागले. अकराही जणांनी विचारलं, "कुणाचं डोस्कं हे?" आणि अकराही वेळा आत्तींनी, काही लपवायचं नाही या त्यांच्या स्वभावाला धरून, माझ्याकडं बोट दाखवलं.

चाकं पूर्ववत झाली. मी रात्रीचं जेवण गिळलं, आणि सकाळी नवा उपाय घेऊन उठले. (इथं थांबले असते तर ही आठवण एका पानात संपली असती. पण शिक्षकाला फळा दिसला की खडू हातात घेतल्याशिवाय राहवत नाही.)

"मिस्त्री, इंजिन आणि गेरबॉक्सच्या मध्ये आणखी एक गेरबॉक्स घातला तर?"

"बरोबर हाय, मॅडम! भंगारातल्या जीपचा हाय माज्याकडं."

मी दात मोजले, गुणाकार-भागाकार केले. वेग चौपट कमी येत होता. गणित अचूक होतं. आजही अचूकच आहे. कुणीही तपासून बघावं.

फक्त त्यासाठी थोरल्याला मधोमध उघडावा लागणार होता. ट्रॅक्टर उघडणे म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, झाकण वगैरे असेल. दुपारी शाळेतून आले, तर घरामागच्या परड्यात जांभळीखाली थोरल्याचे दोन तुकडे! पुढचं अर्धं अंग इकडं विटांवर, मागचं अर्धं तिकडं ओंडक्यावर, आणि मधून आमची शेळी आरामात जा-ये करत होती. मामा पायरीवर बसलेले. समोर ताट तसंच.

"मामा, जेवा की."

"थोरला असा पडलाय आन् मी भाकरी मोडू?"

"मामा, फक्त दोन दिवस."

"डॉक्टर बी असंच म्हंतोय," ते म्हणाले, आणि ताट बाजूला सारलं.

सुहास कारखान्यातून आला, दोन तुकड्यांच्या मधून शेळीसारखाच चालत घरात गेला, आणि आतून त्याचा आवाज आला, "बरं झालं! भंगारवाल्याला उचलाय सोपं जाईल!"

दोन दिवस मी शाळेत शिकवत होते, पण चित्त परड्यात होतं. गुरुवारी थोरला एकसंध झाला. आधीपेक्षा वीतभर लांब, पण एकसंध. मिस्त्रीनं नारळ फोडला. मामांनी देवाचं नाव घेऊन क्लच सोडला.

थोरला चालला! काय चालला म्हणता! मुंगीनं मागं वळून बघावं असा चालला. आत्ती त्याच्या पुढून घागर घेऊन विहिरीवर गेल्या, भरून परत आल्या, तरी तो त्याच जांभळीखाली. इंजिनाची रेस पूर्ण, आवाजानं कोंबड्या उडालेल्या, आणि चाल मात्र नव्या नवरीची. मामांचा चेहरा फुलला. शेजारपाजारचे म्हणाले, "मास्तरीणबाईंनी करून दाखिवलं!" मी मान खाली घालून "त्यात काय एवढं" असं म्हटलं. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत सुखाची सहा मिनिटं होती.

सातव्या मिनिटाला मिस्त्रीनं रोटर चालू केला.

एक पातं वर आलं. सगळे बघत राहिले. मग ते पातं सावकाश खाली गेलं. मग दुसरं पातं वर आलं. त्यानं जमिनीवरून एक वाळकं पान उचललं, जरा उंचावर नेलं, आणि अलगद परत ठेवलं.

"हे काय वारं घालालंय व्हय परड्याला?" मामा म्हणाले.

मी वही काढली. मिस्त्रीनं डोकं खाजवलं. अखेर आत्तीच म्हणाल्या, "आगं, शिलिंडरचा कॉकच बारीक केल्यावर दोन्ही शेगड्या बारीक हुणार की! तू डबा घातलाय इंजनाला चिकटून. चाकाची ताकद बी त्येच्यातनं, पात्याची बी त्येच्यातनं."

आत्ती चौथी शिकल्या आहेत. मी विज्ञानाची पदवीधर आहे, बी.एड. आहे, तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक आहे. मी वही मिटली. त्या संध्याकाळी मी कणीक मळताना इतकी रडले की पाणी घालावं लागलं नाही.

शुक्रवार उजाडला. रविवारी भंगारवाला. सोप्यातली रोपं आता ट्रेमधून बाहेर वाकून रस्त्यावरच्या लोकांना बघायला लागलेली. मामा माझ्याशी बोलत होते, पण आजारी माणसाला बोलतात तसं, जपून. हे त्यांच्या रागापेक्षा वाईट होतं.

"मॅडम," मिस्त्री म्हणाला, "आता मागनं करू. पात्याची ताकद आधी काढून घेऊ द्या. त्येच्या मागं, चाकाच्या मधी जे मोठं दातेरी चाक हाय नव्हं, क्राउन, ते बदलू. जादा दाताचं घालू. मग नुसती चाकंच हळू हुतील."

यावेळी मी आधी आत्तींना विचारलं. त्या विचार करून म्हणाल्या, "व्हय. आता येकाच शेगडीचं बटन बारीक हुतंय."

आत्तींची मान्यता मिळाल्यावर मी कामाला लागले. शाळेतून तक्त्याचा मोठा कागद आणला. मागचा सांगाडा, आतलं दातेरी चाक, कुठल्या बाजूला बसतं, सगळं तीन रंगांच्या स्केचपेननं काढलं. नावं दिली. बाण काढले. इतकी सुंदर आकृती मी प्रदर्शनातही पाहिली नव्हती. मिस्त्रीनं ती शहरात, उद्यमनगरातल्या लेथवाल्याकडं नेली, चाक करून आणलं, जीपचा डबा काढून टाकला, आणि शनिवारी थोरल्याला रानात नेऊन, तिथंच दिवसभर खपून माझ्या आकृतीबरहुकूम सगळं बसवलं. मिस्त्रीचा दोष काहीही नाही. त्यानं आकृती तंतोतंत पाळली.

रविवारी सकाळी सगळं गाव रानात. भंगारवाला टेम्पो घेऊन आलेला. आत्तींनी त्यालाही चहा दिला. "बसा पावणं, अजून ठरलं न्हाय," असं त्याला सांगितलं. रान वाफशावर, ना फार ओलं ना कोरडं, असं आलेलं. लागण लगेच सुरू करायची म्हणून रोपांचे ट्रे बांधावर ओळीनं मांडलेले, शेजारी ठिबकच्या नव्या पायपांची भेंडोळी. मामांनी धुतलेला पटका बांधलेला. ते थोरल्यावर चढले, पहिला गेर टाकला, रोटर चालू केला. पाती भन्नाट फिरायला लागली! वारा लागला तोंडाला! मी मिस्त्रीकडं बघून हसले. मामांनी क्लच सोडला.

थोरला मागं आला.

मागं म्हणजे, रोटर पुढं करून, आमच्याकडं!

"मामा, रिव्हर्स पडलाय!"

"पयलाच हाय गं!"

"मग दुसरा टाका!"

मामांनी दुसरा टाकला. थोरला दुप्पट वेगानं मागं आला! गर्दी फुटली. भावकी उसात घुसली. भंगारवाला चहाच्या कपासकट टेम्पोत चढला. आत्ती तेवढ्या पदर खोचून रोपांच्या ट्रेपुढं उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "अंगावर आलास तर बग!" (हे मामांना होतं की थोरल्याला, ते अजून ठरलेलं नाही.) मामांना बिचाऱ्यांना मागं बघावं की पुढं, हेच कळेना. सुकाणू डावीकडं फिरवलं तर थोरला भलतीकडंच वळला, आत्ती वाचल्या, रोपं वाचली, आणि रोटर ठिबकच्या भेंडोळ्यांत शिरला.

शेवयाचं यंत्र उलटं चाललेलं कुणी पाहिलंय? मी पाहिलंय. तीन भेंडोळी पायपा डोळ्यांदेखत पात्यांनी गिळल्या, गुंडाळल्या, आणि थोरला गुरगुरत थांबला.

मिस्त्रीनं खिशातून माझी आकृती काढली. ती उलगडली. सरळ धरली. मग उलटी धरली.

"मॅडम, हे चित्र तुमी कुठनं बघून काढलं?"

"मागून."

"मी म्होरनं बघितलं."

काय झालं होतं ते मला तेव्हाच कळलं. मोठं दातेरी चाक उजवीकडं बसायचं ते डावीकडं बसलं होतं. त्यामुळं थोरल्याचं सगळंच उलटं झालं होतं. पुढं जायचे सहाच्या सहा गेर आता मागं जात होते. आकृतीखाली 'मागून पाहिल्यास' हे दोन शब्द लिहायचे राहिले होते. वर्गात याच चुकीला मी अर्धा गुण कापते.

सुहास ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो फक्त पायपांकडं बघत राहिला. भंगारवाल्यानं हळूच टेम्पोचं मागचं फळकूट उघडलं. मी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीमागं जाऊन बसले. माहेरी जावं म्हटलं, तर माहेरी काय सांगायचं? 'सासऱ्यांचा ट्रॅक्टर उलटा केला' हे कारण घेऊन आजवर कोण माहेरी गेलंय?

तासभर मामा आणि मिस्त्री विळ्यानं पायपा कापत होते. सगळ्या निघाल्यावर मामा भंगारवाल्याजवळ गेले. त्यांचा आवाज मला खोलीमागं ऐकू आला.

"पावणं, टेम्पोपातूर मीच आणून देतो त्येला. माज्या हातानं."

मी उठून पुढं आले. टेम्पो रानाच्या दुसऱ्या टोकाला, तेव्हा पुढं जायला हवं. पण पुढं जायला आता थोरल्याकडं रिव्हर्सशिवाय गेरच नव्हता. आणि आमच्या थोरल्याचा रिव्हर्स म्हणजे मुळातच पहिल्यापेक्षा सावकाश, त्यात हे जादा दातांचं चाक. मामांनी डोळे पुसले, रिव्हर्स टाकला, पूर्ण रेस दिली आणि क्लच सोडला. रोटर उचलायचा राहिला, बंद करायचा राहिला. त्यांचं लक्षच नव्हतं.

थोरला पुढं निघाला. इतका सावकाश, की मला वाटलं त्यालाही जायचं नाही. मामा समोर बघत होते. टॉवेल डोळ्यांना लावत होते. कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

आत्ती मात्र जमिनीकडं बघत होत्या. त्या चार पावलं मागून चालत गेल्या, खाली वाकल्या, आणि मूठभर माती उचलून बोटांतून सोडली. ती रव्यासारखी गळाली.

"आवं!" आत्ती ओरडल्या. "आवं, रडायचं थांबवा आन् मागं बगा जरा!"

मामांनी मागं बघितलं. थोरल्याच्या मागं रुंद, मऊ, काळाभोर पट्टा. एक ढेकूळ म्हणून नाही. पाती भन्नाट फिरतायत, थोरला मुंगीच्या पावलानं चाललाय. आठ दिवस ज्यासाठी जीव चालला होता ते सगळं, तंतोतंत, आमच्या डोळ्यांपुढं!

मामा टेम्पोपाशी पोचले. थांबले नाहीत. वळले. टेम्पोला वळसा घालून परत दुसऱ्या पट्ट्याला लागले. भंगारवाला फळकुटाला हात लावून उभा.

"न्यायचा न्हाय व्हय?" त्यानं विचारलं.

"तो जीपचा डबा घिऊन जावा," सुहास म्हणाला. तो हसत होता. आठ दिवसांत पहिल्यांदा.

दुपारी चारपर्यंत सगळं रान झालं. दुसऱ्या दिवशी लागण झाली. (ठिबक नंतर आलं. त्याविषयी घरात बोलायचं नाही असं ठरलं आहे.) मामा मला म्हणाले, "मास्तरीणबाई, तुमच्या डोस्क्याला तोड न्हाय." मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं, पण आत्तींनी डोळ्यांनी दाबलं.

आता फक्त एक अडचण उरली. रानात थोरला सोन्यासारखा चालतो, पण रान ते घर हा रस्ता कसा कापायचा? पुढं तोंड करून यायचं तर रिव्हर्सच्या त्या मुंगीच्या चालीनं. सकाळचा निघालेला माणूस न्याहारीला नाही, दुपारच्या जेवणाला पोचतो. जोरात यायचं तर मागं तोंड करून. मिस्त्री मामांना म्हणाला, "तात्या, चाक फिरवून बरोबर बसवतो की. दोन दिसाचं काम."

मामा कडाडले, "हात लावायचा न्हाय! यवढ्या वर्सात पयल्यांदा त्यो सांगितल्यालं आयकालाय!"

तेव्हापासून थोरला गावातून उलटा येतो. मामांची मान दुखते, म्हणून पुढचं (म्हणजे मागचं) बघायला मडगार्डवर मी. "डावीकडं घ्या मामा! तुमच्या न्हाय, माझ्या डावीकडं!" असं ओरडत रोज संध्याकाळी मी हायस्कूलच्या फाटकावरून जाते. पारावरची माणसं उठून उभी राहतात. मोटारसायकलवाले आधी हसतात आणि मग, थोरला नेमका कुठं वळणार ते न कळल्यानं, गटारीत उतरतात.

परवा नववीची घटक चाचणी घेतली. दोन गुणांचा प्रश्न होता: चाल आणि वेग यांतील फरक उदाहरणासह स्पष्ट करा. हा फरक मी कित्येक वर्षं घसा कोरडा करून शिकवते आहे. चालीत फक्त किती ते कळतं, वेगात दिशाही कळते. आजवर वर्गातल्या चार-पाच पोरांच्या पलीकडं तो कुणाच्या डोक्यात शिरला नव्हता. यंदा अख्ख्या वर्गानं बरोबर लिहिला, आणि अख्ख्या वर्गाचं उदाहरण एकच होतं:

"आमच्या बाईंच्या ट्रॅक्टरची चाल सांगता येते. वेग सांगता येत नाही. कारण तो कुठल्या दिशेला जाणार आहे, हे बाईंनाही माहीत नसतं."

सगळ्यांना दोनपैकी दोन दिले. काय करणार! चूक कुठं होती?